पहिल्या सणाची घरं

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या चर्चचे वडीलधारे पाद्री अबूना बिसेंती. आत्ताच ज्यांचं भाषण झालं ते मुलींच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक उस्ताद फखरी. व्यासपीठावर यायला तयार नसताना ज्यांना मी हाताला धरून आणलं त्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या हाज्जा रतीबा. जिला चर्चच्या सेवेतून निरोप द्यायला आपण जमलो ती माझी बायको इनायात. समोर बसलेल्या माता-भगिनींनो, भावांनो, लेकरांनो, आणि दाराशी ताटकळत उभ्या असलेल्या मंडळींनो. पुढच्या रांगा रिकाम्या आहेत, या. पुढे बसलं की अबूनांची नजर पडते आणि ते 'गेल्या रविवारी कुठे होतास' असं विचारतात, म्हणून कुणी पुढे येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी या. खुर्च्या माझ्याच आहेत, भाडं लावणार नाही.

उस्ताद फखरींचं भाषण म्हणजे पंचपक्वान्नांचं ताट. त्यानंतर मी बोलायचं म्हणजे शिळी भाकरी वाढण्यासारखं आहे. मी शाळेत फार गेलो नाही. वाचायला शिकलो ते लग्नपत्रिकांवरून आणि भिंतीवर चिकटवलेल्या मयताच्या कागदांवरून, कारण धंदाच तसला. कनात, खांब, दिवे, खुर्च्या. लग्नाला हीच लाल कनात आणि मयतालाही हीच. फक्त दिवे बदलायचे.

उस्तादांनी इनायातला 'सेवेची अखंड ज्योत' म्हटलं. एरवी ती माझ्या कानाशी पुटपुटली असती, "ज्योत कसली, चुलीतला निखारा म्हणा की. हात लावाल तर भाजेल." आज पुटपुटली नाही. मी थोडा वेळ कान तिच्याकडे करून बसलो होतो.

भाषण खरं तर तिनेच करायचं. अबूना तिला दोनदा विचारायला घरी आले. ती म्हणाली, सिदहोम बोलेल, त्याला खुर्च्या मांडायची सवय आहे, शब्दही मांडेल. आता खुर्च्यांचं कसं, एक तिरकी झाली तर पायाने सरळ करता येते. शब्दाचं तसं नाही. पण उभा राहिलोय.

का उभा राहिलो, ते आधी सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की म्हातारा बायकोचं कौतुक करून खाली बसेल. गावात दोन गोष्टी बोलल्या जातायत. एक अशी की गेल्या नाताळात जे झालं त्यावरून इनायात रुसली आणि म्हणून सेवा सोडते आहे. दुसरी अशी की तिच्यामागे हे काम ज्या मुलीने घ्यावं असं सगळ्यांना वाटतं, ती नरमीन, ते घ्यायला तयार नाही. ती म्हणते, मला तोंड नाही. आणि नाताळ तर दारात येऊन उभा आहे. यंदा ज्यांच्या घरचं माणूस गेलंय, त्यांच्याकडे पहिल्या सणाला कोण जाणार? आज या सभेला येईपर्यंत या प्रश्नाला उत्तर नव्हतं. फुलांचा हार, मानपत्र, उस्तादांची ज्योत, सगळं जागच्या जागी आहे. हे उत्तर तेवढं नाही. मी त्यासाठी बोलतोय.

आमच्या घरी ही सेवा आली ती माझ्या आईकडून. इनायात नवी नवरी होती. नाताळाच्या सकाळी आईने तिला सांगितलं, तो चांगला झगा काढून ठेव, काळा घाल, आपल्याला जायचंय. इनायातला वाटलं कुणी मेलं. आई म्हणाली, मेलंय, पण उन्हाळ्यात. आज त्यांचा पहिला सण आहे. त्या घरात भट्टी पेटलेली नसते, सणाची बिस्किटं, आपली कहक, झालेली नसते, पोरांना नवे कपडे नसतात. सगळ्या गल्लीत सण आणि त्यांच्या घरात तेवढं माणूस नाही. म्हणून आज त्यांच्याकडे जाऊन बसायचं. आणि कसं बसायचं तेही सांगितलं. हातात कहक नाही, तोंडात उपदेश नाही. कडू कॉफी देतील ती प्यायची, बसायचं, आणि पुढचा माणूस आला की उठायचं. खुर्ची रिकामी ठेवून उठायचं नाही.

आई गेल्यावर इनायातने ते काम अंगावर घेतलं. आणि नुसतं तेवढंच घेऊन थांबली असती तर ती इनायात कसली. चर्चमधून नाताळाला गरिबांच्या घरी पिशव्या जायच्या. तांदूळ, तूप, मांस, कहक. त्या पिशव्याही हिच्याच अंगावर आल्या. आपण गरिबांना प्रभूचे भाऊ म्हणतो. ते प्रभूचे भाऊ दर डिसेंबरात माझ्या घरात राहायला यायचे, म्हणजे त्यांचे तांदूळ. बैठकीत पोती, न्हाणीत तुपाचे डबे, पलंगाखाली साखर. माझा बेमेन लहान असताना पोत्यांवर गादी टाकून झोपायचा. एकदा त्याने आईला विचारलं, ते जर प्रभूचे भाऊ आहेत, तर प्रभू त्यांना स्वतः तांदूळ का देत नाही? ही कणीक मळता मळता म्हणाली, "देतो की. तुझ्या गादीखाली ठेवलाय. आता गपचूप झोप, सांडू नकोस."

अबूना हसतायत. त्यांनी रविवारच्या वर्गात ही गोष्ट माझ्या परवानगीशिवाय वापरलेली आहे.

कहकची एक अडचण तुम्हाला ठाऊक आहेच. ती भाजायची नाताळाआधीच्या उपवासात, जेव्हा तूप-दूध वर्ज्य, आणि ती तर तुपाची, म्हणजे भाजणाऱ्यांपैकी कुणाला चाखता येत नाही. सबंध चर्चची कहक भट्टीतून निघते आणि मीठ जास्त की साखर कमी हे एकाही बाईला सांगता येत नाही. त्यावर इनायातने तोड काढली ती ही बसलेली, हाज्जा रतीबा. पहिलं तबक निघालं की हाज्जा एक तुकडा तोंडात टाकायच्या आणि निवाडा द्यायच्या. गेली कित्येक वर्षं आपल्या चर्चच्या कहकची चव मुसलमान बाईच्या जिभेवर ठरलेली आहे. आणि रमजानात हाज्जांच्या रश्शातलं मीठ इनायात खाली जाऊन बघायची. एका वर्षी हाज्जांनी तबक परत पाठवलं होतं. "बेमेनच्या आई, हे गरिबांना द्यायचंय की पाटा-वरवंटा करायचाय?"

आता पहिल्या सणाच्या घरांचं. पिशव्यांचा हिशेब कागदावर असायचा, कारण तांदूळ विचारणारे असतात. पण दुःखाची घरं इनायातने कधी कागदावर मांडली नाहीत. ती म्हणायची, यादीत नाव आलं की ते घर नाही राहत, काम होतं. ती तोंडी सांगायची. नाताळाच्या आधीच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहायची आणि एकेकाला बाजूला घ्यायची. तू अमक्याकडे जा, दहापर्यंत. तू त्यांच्याकडे दुपारी, तेव्हा घर रिकामं पडतं. तू त्या घरी जाऊ नकोस, तुझा आवाज मोठा आहे. इथे बसलेल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी बाजूला घेतलेलं आहे. सणाच्या दिवशी सकाळी आपण उठायचो आणि जिथे सांगितलंय तिथे जायचो. कुणी कुणाला विचारायचं नाही. तिने सांगितलं म्हणजे झालं.

तर गेल्या वर्षी शरदात बेमेन गेला.

मी थोडक्यात सांगतो. तो सुट्टीवर घरी येत होता. वाळवंटातल्या रस्त्याने, मिनीबसने. धुकं नव्हतं, रात्र नव्हती, रस्ता सरळ होता. फोन आला तेव्हा मी एका लग्नाचे दिवे उतरवत होतो. मी दिवे उतरवून पुरे केले. का केले ते मला विचारू नका, मलाही माहीत नाही. गल्लीत कनात माझीच लागली. माझ्या माणसांनी मला खांबाला हात लावू दिला नाही. मी बाजूला उभा राहून सांगत होतो की डावीकडचा खांब तिरका आहे. तो तिरकाच होता. तीन दिवस तसाच राहिला.

त्यानंतर लोकांनी आमच्यासाठी सगळं केलं. हे मी आज मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणी मनात काही आणू नये. जेवण आलं, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला चर्च भरलं, नदीपलीकडच्या गावातून माझे चुलतभाऊ आले. सिडनीहून आमची लेक रोज फोन करते, अजून करते. तिकडे सकाळ असते तेव्हा आमच्याकडे आम्ही पडलेलो असतो; ती बोलते, आम्ही हो म्हणतो.

फक्त एक झालं. लोक इनायातला 'बेमेनची आई' म्हणायचे ते 'ताई' म्हणायला लागले. प्रेमानेच. एक हाज्जा सोडून. हाज्जा अजून जिन्यातून ओरडतात, "बेमेनच्या आई, दूध उतू चाललंय की काय?"

आणि नाताळ आला. पिशव्यांचं काम नरमीनने घेतलं. मला इथे नरमीनबद्दल सांगू द्या, ती मागच्या रांगेत बसली आहे आणि मान खाली आहे, तरी ऐकू येतंय तिला. तिने पिशव्यांचं काम असं केलं की इनायातलाही कधी जमलं नव्हतं. एक घर सुटलं नाही, एका घरी दोनदा गेलं नाही, तूप वितळलं नाही. इनायातला कुणी काही विचारलं नाही. विचारणार तरी कोण? जिचा मुलगा गेलाय त्या बाईला जाऊन विचारायचं की यंदा दुःखाची घरं कुठली? तिच्या स्वतःच्या घरी कुणाला पाठवतेस, असं विचारायचं? कुठल्या तोंडाने? कुणी विचारलं नाही हे माणुसकीचंच लक्षण आहे.

पण मग झालं काय, की पायऱ्यांवर कुणी कुणाला बाजूला घेतलं नाही. आणि प्रत्येकाला वाटलं, इनायातकडे तर आज सगळं गाव लोटेल. आपण गर्दीत कशाला? आपण दुसऱ्या दिवशी शांतपणे जाऊ, नीट बसू. अबूना सणाच्या सकाळी बिशपसाहेबांकडे, तिथे अधिकारी येतात, आमदार येतात, त्यांना हलता येत नाही. त्यांनीही मनात दुसरा दिवसच धरला होता. नदीपलीकडे धुकं, पूल बंद, चुलतभाऊ अडकले. कुणी वाईट मनात आणलं नाही. सगळ्यांनी आमचाच विचार केला आणि सगळ्यांनी सारखाच केला.

मी सकाळी दुकानातून खुर्च्या आणल्या. बैठकीत भिंतीला लावून मांडल्या, काही जिन्याच्या चौकात. इनायात तिच्या जागेवर बसली, काळी शाल, हात मांडीवर. कॉफी उकळवून ठेवली. खाली गल्लीत पोरं फटाके उडवत होती, नवे कपडे घालून. जिन्यात पावलं वाजली की मी उभा राहायचो. पावलं वरच्या मजल्यावर जायची. पुन्हा वाजली की पुन्हा उभा राहायचो. मग उभं राहणं सोडलं. इनायात एका बाजूला बघत बसली होती. मी विचारलं, कॉफी पुन्हा गरम करू का? ती म्हणाली, कर. मी केली.

लोक विचारतात, तेव्हा तुम्हाला काय वाटलं? राग आला असेल. नाही आला. रडू? तेही नाही. दाताच्या डॉक्टरकडे भूल दिल्यावर गाल चावला तरी कळत नाही ना, रक्त दिसतं तेव्हा कळतं, तसं. राग आला असता तर बरं झालं असतं. रागाला निदान ऊब असते.

दुपारनंतर हाज्जा वर आल्या. दारात थबकल्या. म्हणाल्या, "मला वाटलं पाय ठेवायला जागा नसेल, म्हणून गर्दी ओसरायची वाट बघत होते." मग त्यांनी खुर्च्यांकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बसल्या. मी कॉफी दिली, ती प्यायल्या. कप पुढे केला, "अजून दे." दिली. पुन्हा, "अजून दे." तुम्हाला ठाऊक नसेल, हाज्जांना रक्तदाबावरून कॉफी बंद आहे, डॉक्टरांनी घरातला डबासुद्धा फेकायला लावलाय. मी म्हणालो, हाज्जा, तुमचा रक्तदाब. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सिदहोम, गप्प बस आणि ओत. एवढ्या लोकांची केलीस, ती फुकट घालवायची का?"

भांडं संपेपर्यंत बसल्या. एवढीच आमच्याकडची पहिल्या सणाची माणसं. हाज्जा, तुमच्या मुलीने मला नंतर जिन्यात गाठून पुष्कळ सुनावलं, ते माझ्याकडे जमा आहे.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. गल्लीपर्यंत रांग. खुर्च्या कमी पडल्या, माझ्या खुर्च्या कमी पडल्या. आणि प्रत्येकजण आत येताना म्हणत होता, काल गर्दी असेल म्हणून आलो नाही. इनायात प्रत्येकाला म्हणाली, बरं केलंत. कुणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. पुढे कधीतरी हाज्जांच्या तोंडून बेकरीत निघून गेलं. मग काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बेकरीवाल्याने बायकोला सांगितलं, बायकोने गायनवृंदाला. लोक रस्त्यात मला बघून पलीकडून जायला लागले. शरमेने, मला कळतं. नरमीन तर तेव्हापासून आमचा जिना चढली नाही. पूर्वी ती आमच्याकडे इतकी असायची की इनायात म्हणायची, हिला चपला दोन घरी ठेवायला सांगा.

आता मी जे सांगणार आहे ते इनायातला विचारून सांगतो आहे. काल रीतसर विचारलं. ती म्हणाली, "सांग, त्यात काय."

तुम्ही समजता की ती रुसून सेवा सोडते. मीही काही महिने तसंच समजत होतो, आणि तिला विचारायला धजत नव्हतो. शेवटी या उपवासाच्या सुरुवातीला विचारलं. तेव्हा तिने त्या दिवसाचं उरलेलं सांगितलं. हाज्जा खाली गेल्यावर, संध्याकाळ व्हायच्या सुमाराला, ती मला एवढंच म्हणाली होती की नसीफकडे कोण गेलं असेल? नसीफ न्हावी, कापसाच्या जुन्या जिनिंगमागे राहतो. त्याची बायको त्याच उन्हाळ्यात गेली. मूलबाळ नाही. मी म्हणालो होतो, गेलं असेल कुणीतरी. ती म्हणाली होती, कोण जाईल, मी कुणाला सांगितलंच नाही. मग मी म्हणालो, आपण जाऊ या का? ती 'हो' म्हणाली. आणि बसून राहिली. मीही बसून राहिलो. दिवेलागण झाली, आम्ही दिवा लावला, आणि बसून राहिलो.

हे मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. ती म्हणाली, "लोक चुकले, सिदहोम. पण त्यांच्या ध्यानातच नव्हतं. ज्याच्या ध्यानात नाही त्याला काय बोलायचं? माझ्या ध्यानात होतं. नसीफचं घर माझ्या डोळ्यांसमोर होतं, त्याचा तो निळा दरवाजासुद्धा. पाय धड होते. शाल अंगावर होती. आणि मी उठले नाही. ज्या दिवशी आठवूनही उठले नाही, त्या दिवशी माझी सेवा संपली. बाकी समारंभ तुम्ही केव्हाही करा."

मी म्हटलं, अगं, तुझं स्वतःचं माणूस गेलं होतं, दुःखाच्या घरच्याने सणाला उंबरा ओलांडायचा नसतो, रीतच आहे. ती म्हणाली, रीत मला माहीत आहे, मी रीतीमुळे बसले नव्हते. मला जावंसं वाटलंच नाही. काहीच वाटलं नाही.

मग आम्ही दोघं नसीफकडे गेलो. उशिराच, जवळजवळ वर्षाने. तो दाढी करत होता कुणाची. इनायातने त्याला सांगितलं की आम्हाला तू आठवला होतास आणि आम्ही आलो नाही. तो गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत म्हणाला, "त्या दिवशी मी दुकान उघडलं होतं, ताई. सणाला कोण दाढी करतं? पण दुकानात बसलं की घरी कुणी आलं नाही असं होत नाही. आलेही असतील, मीच नव्हतो."

नसीफ आज इथे आला आहे, खांबाजवळ बसलाय. त्याला विचारूनच हे सांगितलं. तो म्हणाला, सांगा, पण दुकानाचा पत्ताही सांगा.

तेव्हा मंडळी, रुसवा नाही. कुणी हात जोडायला येऊ नये. पुष्कळजण येऊन गेलात, ती तुम्हाला चहा देते, तुम्ही जाता. तिला तुमची माफी नको असं नाही, तिला ती ठेवायला जागा सापडत नाही. कधी सापडली तर मी कळवीन.

राहता राहिली नरमीन. पोरी, वर बघ. उस्तादांनी भाषणात तुझं नाव घेतलं नाही, ते सभ्य आहेत. मी कनातवाला आहे, मी घेतो. तू म्हणतेस तुझ्या हातून ते घर राहिलं, तेही ताईंचं, आता कुठल्या तोंडाने तिची जागा घेऊ. मी हे जसंच्या तसं इनायातला सांगितलं. ती मसूर निवडत होती. डोकं वर न करता म्हणाली, "तिलाच द्या. ज्याच्या हातून एक घर राहिलं, तो दुसरं राहू देत नाही. ज्यांच्या हातून काहीच राहिलं नाही, ते निवांत झोपतात."

यात कौतुक नाही, सांत्वन नाही. इनायात हल्ली सांत्वनाचं बोलत नाही, तिच्याकडे ते उरलेलं नाही. तिला जसं दिसलं तसं तिने सांगितलं. तू हो म्हणावंस असाही माझा हट्ट नाही. पण नाही म्हणायचं असेल तर इथेच म्हण, सगळ्यांसमोर, म्हणजे अबूनांना दुसरं कुणी शोधायला चार दिवस तरी मिळतील. ती घरं तुझ्या लाजेसाठी थांबणार नाहीत.

तर मी आता आवरतं घेतो. बाहेर चहा आहे, उपवासाचा, बिनदुधाचा; आणि बेकरीवाल्याने तामियाच्या वड्या तळल्या आहेत, त्या गार झाल्या की दगड होतात. अबूनांनी...

थांबा. काय म्हणालीस? उभी राहून बोल, पोरी. मागच्यांना ऐकू जात नाही, मी सांगतो. नरमीन विचारते आहे, यंदाची घरं कुठली?

हे मला नाही येत. मला लग्नं विचार. इनायात... ध्वनिक्षेपक घेतेस? नको म्हणते. बरं, तू बोल, मी पुढे सांगतो.

ती म्हणते, कालव्याकडची शिक्षिका, अदीबाबाई, त्यांचे यजमान गेले, तिथे सकाळी लवकर, कारण दुपारी त्यांची सून येते आणि तिच्यासमोर त्या बसत नाहीत. मग चक्कीवाल्यांकडे, त्यांची धाकटी गेली, तिथे फक्त बायकांनी. मग स्टेशनामागच्या त्या नव्या कुटुंबाकडे, ज्यांची नावं अजून कुणाला नीट माहीत नाहीत. नावं विचारून घ्या आधी. आणि, हं, आणि नसीफकडे.

नरमीन म्हणते, ताई, नसीफकाकांचा यंदा पहिला सण नाही, दुसरा आहे. रीतीत बसत नाही.

इनायात म्हणते, पहिला राहिला आहे त्याचा. जा. दुकान उघडं असेल तर दुकानात जा.

नरमीन अजून उभी आहे. काय गं?

ती विचारते आहे... मी सांगतो, मंडळी, जरा शांत राहा, मागे खुर्च्या वाजवू नका. ती विचारते आहे, "आणि ताई, तुमच्याकडे?"

आम्ही याबद्दल घरी काही बोललो नव्हतो. मला माहीत नाही ती काय म्हणेल. रीत तर नाहीच.

इनायात?

ती म्हणते, "आमच्याकडे शेवटी या. सगळ्यांचं झाल्यावर."

एवढंच म्हणाली. मी पुन्हा विचारत नाही.

अबूना, तुमचे, उस्ताद फखरींचे, हाज्जांचे, हार करणाऱ्या मुलींचे, आणि आज पुढच्या रांगेत बसायचं धाडस करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला माझा शब्द लागला असेल, मान देताना हात आखडला असेल, तर म्हातारा दुसऱ्याच धंद्यातला आहे असं समजून पोटात घाला. सण सुखाचा जावो.